फुटबॉल खेळाडू आतून घट्ट कपडे का घालतात?



टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू असला की मुलांचं लक्ष फक्त चेंडूवर नसतं. खेळाडूंचे केस, बूट, हातावरचं गोंदण, सगळं ती बारकाईने टिपत असतात. मग वर्गात प्रश्न येतो, "मॅडम, त्यांच्या चड्डीच्या आत अजून एक घट्ट चड्डी असते, ती कशाला?" आणि घरी गेल्यावर आईकडे मागणी होते, "मला पण तसली पाहिजे. ती घातली की जोरात पळता येतं."

पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे आणि दुसरा खिशाचा. एक तिसरा प्रश्नही आहे, पण तो बहुतेक वेळा कोणी मोठ्याने विचारत नाही. पाचवी-सहावीत गेलेली मुलगी खेळायचं सोडून कडेला जाऊन बसते, त्यामागे कधी कधी कपड्यांचंच कारण असतं. या लेखात आपण तिन्ही प्रश्न पाहूया. शेवटी वर्गात सहज करता येतील असे पाच प्रयोगही दिले आहेत.

कॉम्प्रेशन कपडे म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्रेशन म्हणजे दाब. अंगाला चिकटून बसणारे आणि सगळीकडून हलका दाब देणारे कपडे म्हणजे कॉम्प्रेशन कपडे. यात आखूड चड्डी असते, पायभर टाइट्स असतात, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट असतो, पोटरीवर चढवायची बाही असते आणि लांब मोजेही असतात.

हे कापड साधारणपणे नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या धाग्यात स्पॅन्डेक्सचा धागा मिसळून विणतात. स्पॅन्डेक्सचा शोध १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी लावला. लायक्रा हे याच धाग्याचं व्यापारी नाव. हा धागा मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी तुटत नाही, आणि सोडला की परत जागेवर येतो. नावाची गंमत मुलांना जरूर सांगा. इंग्रजीत 'पसरतो' या अर्थाचा 'एक्स्पांड्स' हा शब्द आहे. त्यातलीच अक्षरं उलटसुलट लावून 'स्पॅन्डेक्स' हे नाव तयार झालं.

अंग कसून कामाला लागायचं ही कल्पना आपल्याला नवीन नाही. बायका पदर खोचून कामाला लागतात. ओझं उचलणारे हमाल कमरेला कापड आवळून बांधतात. पैलवान लंगोट कसूनच आखाड्यात उतरतो. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघही तालमींच्या नावाने खेळतात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही नावं फुटबॉलच्या मैदानावर गाजतात. लंगोटाने आधार मिळतो हे ज्या तालमींना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, तिथल्याच पोरांना आता हे नवं कापड दिसतं आहे, एवढाच काय तो फरक.

दवाखान्यातून मैदानावर

दाब देणारे कपडे आधी खेळाडूंसाठी तयार झाले नव्हते, ते रुग्णांसाठी होते. यामागची गोष्ट मुलांना आवडण्यासारखी आहे.

अमेरिकेत कॉनरॅड जॉब्स्ट नावाचे एक अभियंते होते. त्यांना स्वतःलाच पायांच्या शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना बरं वाटतं, हे त्यांच्या लक्षात आलं. असं का होत असेल? पाण्यात जितकं खोल जावं तितका पाण्याचा दाब वाढतो. म्हणजे तलावात उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यावर सगळ्यात जास्त दाब पडतो, गुडघ्यावर त्याहून कमी आणि मांडीवर आणखी कमी. हाच दाब मोज्यातून देता आला तर? या विचारातून त्यांनी घोट्याशी जास्त घट्ट आणि वर जाताना सैल होत जाणारे मोजे तयार केले आणि १९५० मध्ये त्यांचा उद्योग सुरू केला. आजही डॉक्टर शिरा फुगलेल्या रुग्णांना असेच मोजे घालायला सांगतात.

आता यातलं विज्ञान. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतं, ते काम तसं सोपं, कारण उतार आहे. पण तेच रक्त परत वर यायचं म्हणजे चढण. हे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण पाऊल टाकलं की पोटरी आवळली जाते, तिच्यातल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमध्ये एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात, त्यामुळे वर गेलेलं रक्त खाली घसरत नाही. म्हणूनच पोटरीला शरीराचं 'दुसरं हृदय' म्हणतात.

याचा परिणाम किती मोठा आहे ते आकड्यांत पाहा. डॉक्टर बीपी मोजून १२०/८० असं सांगतात, ते एकक म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाची मिलिमीटरमधली उंची. मोठा माणूस अगदी स्थिर उभा राहिला तर घोट्याजवळच्या शिरेतला दाब या एककात साधारण ९० पर्यंत जातो. तोच माणूस चालायला लागला की दाब उतरून २० च्या आसपास येतो. फक्त चालल्याने! म्हणून तर प्रार्थनेला किंवा कवायतीला बराच वेळ एका जागी उभ्या राहिलेल्या मुलांना आपण अधूनमधून टाचा वर-खाली करायला सांगितलं पाहिजे.

डॉक्टरी मोज्यांवर त्यांचा दाब लिहिलेला असतो, उदाहरणार्थ १५-२० किंवा २०-३०. खेळाच्या दुकानातल्या बऱ्याच कपड्यांवर मात्र 'कॉम्प्रेशन' एवढाच शब्द असतो, आकडा नसतो. दोन्ही वस्तू एक नव्हेत, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

मग फुटबॉलपटूला याचा काय उपयोग?

मोठ्या सामन्यात खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. तेही सरळ नाही. पळायचं, थांबायचं, वळायचं, उडी मारायची, घसरायचं. अशा खेळात घट्ट कपड्यांचे उपयोग असे आहेत.

१. घासणं कमी होतं. हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात खरं कारण. घामाने ओली झालेली मांडी मांडीला घासली की कातडी सोलवटते. मग दुसऱ्या दिवशी नीट चालताही येत नाही. घट्ट चड्डी मध्ये असली की कातडीऐवजी कापडावर कापड घासतं.

२. खरचटणं कमी होतं. चेंडू काढून घेण्यासाठी खेळाडू जमिनीवरून घसरत जातो. कृत्रिम गवताच्या मैदानावर असं घसरलं की मांडीचं आणि कमरेच्या बाजूचं कातडं भाजल्यासारखं सोलून निघतं. तिथे कापडाचा पातळ थरही कामाला येतो. गोलरक्षकांच्या आतल्या चड्डीला तर कमरेच्या बाजूला गादीही लावलेली असते.

३. स्नायूंची थरथर कमी होते. पाऊल जमिनीवर आपटलं की त्याचा धक्का पायातून वर जातो आणि मांडी-पोटरीचे स्नायू हलतात. घट्ट कापडाने ही हालचाल कमी होते. खेळाडूला पाय 'बांधल्यासारखे' वाटतात आणि आधार मिळाल्याची भावना येते.

४. थंडीत ऊब मिळते. युरोपात फुटबॉलचा हंगाम ऐन हिवाळ्यात चालतो. तिथे आतला घट्ट टी-शर्ट आणि टाइट्स म्हणजे ऊब टिकवणारा एक थर असतो. स्नायू गार पडले की ते आखडतात, म्हणून बदली खेळाडूही ते घालून बसलेले दिसतात.

५. घाम पसरून लवकर वाळतो. सुती बनियन घाम पिऊन जड होतो आणि अंगाला चिकटतो. पॉलिस्टरचा धागा स्वतः फारसं पाणी शोषत नाही. घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरतो आणि वाऱ्याने वाळतो.

६. सामन्यानंतर पाय कमी दुखतात. खूप खेळल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि जिना उतरताना जीव जातो, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. खेळून झाल्यावर काही तास दाब देणारे कपडे घातले तर हे दुखणं थोडं कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. लांबच्या विमानप्रवासात असे मोजे घातले तर पायांना सूज कमी येते, असंही अभ्यासांत दिसलं आहे. संघ सामन्यासाठी दूरवर प्रवास करतात, तेव्हा खेळाडूंना याचा फायदा होतो.

यामुळे खेळाडू जोरात पळतो का?

आता मुलांच्या मागणीकडे वळूया. सरळ उत्तर आहे, नाही.

धावण्याचा वेग, उडीची उंची, दम टिकणं या बाबतीत घट्ट कपडे घालून आणि न घालता भरपूर चाचण्या झाल्या आहेत. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर म्हणण्यासारखा फरक दिसत नाही. याचं कारण आपण वर पाहिलंच. पळणाऱ्या निरोगी माणसाची पोटरी आपलं पंपाचं काम आधीच जोरात करत असते. तिथे कापडाच्या हलक्या दाबाने आणखी काय भर पडणार? आजारी शिरेला जो आधार लागतो, तो धडधाकट खेळाडूच्या शिरेला लागत नाही.

दुखापत टळते का? स्नायू ताणला जाणं, गुडघा मुरगळणं हे फक्त कपड्यामुळे टळतं, असं ठामपणे म्हणावं एवढा पुरावा नाही.

मग खेळाडूंना बरं का वाटतं? इथे एक मजेदार अडचण आहे. औषधाची चाचणी घेताना निम्म्या लोकांना खरी गोळी देतात आणि निम्म्यांना साखरेची. कोणाला कोणती मिळाली ते कळत नाही. पण कपडा घट्ट आहे की सैल, हे घालणाऱ्यापासून लपवणार कसं? आपण काहीतरी खास घातलं आहे हे कळलं की मन उभारी धरतं. तो आत्मविश्वास खोटा नसतो, पण तो कापडातून आलेला नसतो.

मोजे कापणारे खेळाडू

गंमत म्हणजे याच खेळात अगदी उलटं करणारेही आहेत. इंग्लंडचे काइल वॉकर, बुकायो साका आणि ज्यूड बेलिंगहॅम यांना मैदानावर नीट पाहा. त्यांच्या मोज्यांना पोटरीच्या मागे भोकं पाडलेली दिसली आहेत. संघाचे मोजे नवे, जाड आणि घट्ट असतात. खेळता खेळता पोटरी रक्ताने फुगते आणि तो दाब नकोसा होतो. म्हणून चक्क कात्रीने भोकं पाडून पोटरी मोकळी केली जाते.

म्हणजे एक खेळाडू मुद्दाम दाब देणारा कपडा घालतो आणि दुसरा दाब कमी करायला मोजा कापतो. दोघेही तितकेच मोठे खेळाडू. ज्याच्या अंगाला जे सोसतं ते तो करतो. मुलांना हे उदाहरण दिलं की 'मोठा खेळाडू घालतो म्हणजे आपल्यालाही लागतंच' हा गैरसमज आपोआप गळून पडतो.

छातीवरचं ते काळं आखूड बनियन कशाचं?

मुलं हाही प्रश्न हसत हसत विचारतात. २०२२ च्या कतार विश्वचषकात दक्षिण कोरियाच्या ह्वांग ही-चानने पोर्तुगालविरुद्ध अगदी शेवटी विजयी गोल केला आणि आनंदाच्या भरात जर्सी काढली. आत काळं, आखूड, बायकांच्या ब्रासारखं दिसणारं वस्त्र होतं. जर्सी काढल्याबद्दल त्याला पिवळं कार्डही मिळालं.

ते वस्त्र घट्ट असतं, पण दाब देण्यासाठी नसतं. त्याच्या पाठीवर, मानेच्या थोडं खाली एक छोटा कप्पा असतो. त्यात जीपीएसचं लहान यंत्र बसवतात. खेळाडू किती पळाला, किती वेगाने पळाला, किती वेळा एकदम थांबला हे त्यातून कळतं. यंत्र हलू नये म्हणून वस्त्र घट्ट. फुटबॉलच्या नियमांनी अधिकृत सामन्यांत अशा यंत्रांना २०१५ मध्ये परवानगी दिली. वर्गात हसू फुटलं तर रागावू नका. कपडा कामाप्रमाणे असतो, तो बाईचा की पुरुषाचा हा प्रश्नच नसतो, हे सांगायला याहून चांगली संधी मिळणार नाही.

नियम काय सांगतो?

फुटबॉलच्या नियमांपैकी चौथा नियम खेळाडूंच्या पोशाखाबद्दल आहे. बाह्यांची जर्सी, चड्डी, मोजे, नडगीचं संरक्षण करणारं पॅड आणि बूट या पाच गोष्टी सक्तीच्या आहेत. आतली घट्ट चड्डी किंवा टाइट्स सक्तीच्या नाहीत, पण चालतात. अट रंगाची आहे. आतल्या चड्डीचा किंवा टाइट्सचा रंग बाहेरच्या चड्डीच्या मुख्य रंगाचा किंवा तिच्या खालच्या काठाच्या रंगाचा हवा, आणि एका संघातल्या सगळ्यांचा रंग एकच हवा. आतल्या टी-शर्टच्या बाह्यांनाही असाच नियम आहे, त्यांचा रंग जर्सीच्या बाहीशी जुळायला हवा.

शाळेचा संघ स्पर्धेला नेणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवा. चड्डी निळी आणि लेगिंग्ज काळी असेल तर पंच हरकत घेऊ शकतात. ऐन सामन्याआधी मुलांचा हिरमोड नको.

मुलींसाठी हा नियम फार कामाचा आहे

सप्टेंबर २०१७ मध्ये आपल्या राज्यात 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' झालं तेव्हा शाळाशाळांत फुटबॉल पोहोचला. त्यानंतर लगेच १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही भारतात झाला, नवी मुंबई आणि मडगावला सामने झाले. तरीही शाळेच्या मैदानावर बघा. चौथीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने चेंडूमागे पळतात. पुढे एकेक जण कमी होत जाते.

कारणं अनेक असतात. त्यातलं एक म्हणजे आखूड चड्डी. कधी घरच्यांना ती चालत नाही, कधी मुलीलाच संकोच वाटतो. अशा वेळी "चड्डी घालायची नाही, तर खेळायचं नाही" असं म्हणायची काहीच गरज नाही. संघाच्या चड्डीखाली त्याच रंगाची घोट्यापर्यंतची लेगिंग्ज घातली की मुलगी नियमात बसून खेळू शकते. घरच्यांना समजावताना "नियमच परवानगी देतो" हे वाक्य खूप उपयोगी पडतं.

दुसरं कारण पाळीचं. हा विषय फक्त आपल्याकडेच अवघड आहे असं नाही. २०२२ मध्ये युरोपची स्पर्धा जिंकणाऱ्या इंग्लंडच्या महिला संघाचा पोशाख पांढरा होता. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या चड्डीची धास्ती वाटते, हे त्या खेळाडूंनी उघडपणे सांगितलं. २०२३ च्या विश्वचषकासाठी त्यांची चड्डी निळी करण्यात आली आणि आतून डाग रोखणारं अस्तरही देण्यात आलं. जगज्जेतेपदासाठी खेळणाऱ्या बायकांना ही काळजी वाटते, तर आपल्या सहावी-सातवीतल्या मुलींना किती वाटत असेल? शाळेचा पोशाख ठरवताना गडद रंगाची चड्डी घ्या. आतून एक घट्ट चड्डी असली की पॅड जागेवर राहतो आणि मुलगी निर्धास्त पळते. यात वेग वाढवणारं काही नाही. पण मुलगी मैदानावर टिकून राहते, आणि माझ्या मते या कपड्यांचा आपल्या शाळांमधला सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

पालकांनो, विकत घ्यायचे का?

- आधी सक्तीच्या गोष्टी घ्या. मापाचे बूट, चांगले मोजे आणि नडगीचे पॅड. पैसे उरले तर पुढचा विचार.
- मांड्या घासत असतील, संकोच वाटत असेल, मैदान खडबडीत असेल तर साधी घट्ट लेगिंग्ज किंवा सायकलिंग शॉर्ट पुरे. महागड्या नावाची गरज नाही.
- 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून मोठं माप घेतलं तर ती गोळा होते आणि जास्त घासते. लहान घेतली तर आवळते. काढल्यावर कातडीवर खोल वळ राहत असतील, पायाला मुंग्या येत असतील, बोटं गार किंवा निळसर पडत असतील तर ती लगेच बंद करा.
- घरातल्या मोठ्यांचे डॉक्टरी मोजे मुलांना घालायला देऊ नका. ते आजारासाठी आणि ठरावीक मापाचे असतात.
- उन्हाळ्यात दुपारच्या खेळाला पायभर टाइट्स टाळा. अंग तापतं. पाणी जवळ ठेवा.
- खेळून आल्यावर घामट कपडे लगेच बदला आणि रोज धुवा. ओलसर घट्ट कपड्यात जांघेत खाज आणि गजकर्ण लवकर होतं.

आणि दुखापत टाळायची असेल तर एक फुकटचा उपाय आहे. फिफाने ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी 'इलेव्हन प्लस किड्स' नावाचा सरावाआधीचा व्यायाम तयार केला आहे. त्यात ७ व्यायाम आहेत. एका पायावर तोल सांभाळणं, उड्या मारणं, नीट पडायला शिकणं, असे. युरोपातल्या ४ देशांत मुलांवर याचा अभ्यास झाला, तेव्हा हा व्यायाम करणाऱ्या मुलांच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. खेळाआधीची १५-२० मिनिटं जे काम करतात, ते दुकानातली कोणतीही चड्डी करत नाही.

वर्गात करून पाहा

१. हाताच्या शिरा : एक हात वर आणि एक हात खाली सोडून मुलांना एक मिनिट उभं करा. मग दोन्ही हातांच्या मागच्या बाजू शेजारी ठेवून पाहायला सांगा. खालच्या हाताच्या शिरा फुगलेल्या दिसतील. रक्ताला वर चढायला कष्ट पडतात, हे न सांगता कळतं.

२. पाण्याची पिशवी : प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून तोंड घट्ट बांधा आणि हलवा. मग तीच पिशवी घट्ट मोज्यात घालून हलवा. कधी जास्त हिंदकळते? पिशवी म्हणजे स्नायू आणि मोजा म्हणजे कॉम्प्रेशन.

३. ताणणारा चौकोन : जुन्या लेगिंग्जच्या तुकड्यावर आणि सुती कापडावर २ सेमी बाजूचा चौकोन काढा. दोन्ही ताणा, बाजू मोजा, सोडा, परत मोजा. गणिताच्या तासाला किती पट हेही काढून घ्या.

४. कोण आधी वाळतं? : सारख्या आकाराच्या सुती आणि पॉलिस्टरच्या तुकड्यांवर एकेक चमचा पाणी टाका आणि सावलीत टांगा. दर पाच मिनिटांनी हात लावून नोंद करा.

५. वेगाची परीक्षा : ३० मीटर अंतर आखा. प्रत्येक मुलाने नेहमीच्या कपड्यात ३ वेळा आणि घट्ट कपड्यात ३ वेळा पळायचं. मध्ये पुरेशी विश्रांती द्या. वेळ सांगण्याआधी विचारा, "कधी जास्त जोरात पळालास असं वाटतं?" मग सरासरी काढून दाखवा. 'वाटणं' आणि 'मोजणं' यातला फरक मुलं इथे स्वतः शिकतात.

एक काळजी घ्या. कोणीही हाताला किंवा पायाला रबर, दोरी आवळून बांधून 'दाब' बघायचा नाही, हे सुरुवातीलाच बजावून सांगा.

यातला पाचवा प्रयोग पाचवीपासून पुढच्या वर्गांना छान जमतो, पहिले चार तिसरी-चौथीलाही. मुलांच्या नोंदी वहीत राहू द्या आणि पालकसभेला त्या वह्या टेबलावर मांडा. घट्ट चड्डीचा हट्ट धरणाऱ्या मुलाच्या आईबाबांना त्यांचं उत्तर त्याच्याच अक्षरात वाचायला मिळेल.